कडेची राखण : जस्ताच्या ठशापासून सिलिकॉनच्या चकतीपर्यंत

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, हे दिवाळी अंकांच्या प्रत्येक इतिहासात येते. त्या परंपरेत पुढे कोणी काय लिहिले, कोणाची कथा गाजली, कोणाचे मुखपृष्ठ गाजले, याचीही नोंद सापडते. पण या अंकांतली चित्रे कागदावर उतरायची कशी, आणि ती उतरवणारी माणसे कोण होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या काळी शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या मजकुराशेजारी चित्र छापायचे, तर त्याचा धातूचा ठसा लागे. छापखान्यात त्याला ‘ब्लॉक’ म्हणत. लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीला बसवलेला जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा म्हणजे ब्लॉक. तो हाताने कोरलेला नसे. ॲसिडने खाल्लेला असे.

गेली काही वर्षे मी या ब्लॉकांच्या मागे आहे. शिक्षणाने मी वाणिज्य शाखेचा. रसायनशास्त्र शिकलो ते रद्दीच्या दुकानांतल्या पुस्तकांतून आणि जाणत्या माणसांना विचारून. अलिबाग, पेण, पनवेल इकडचे जुने छापखाने बंद पडले, तेव्हा त्यांचे ब्लॉक किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यातले काही माझ्या घरी आले. गणपतीचे, लग्नपत्रिकेतल्या कलशाचे, निवडणुकीतल्या उमेदवारांचे, एका औषधी तेलाच्या बाटलीचे. छापलेले चित्र आपण समोरून बघतो. ब्लॉक हातात घेतला की माणूस आपोआप त्याची कड बघतो. या लेखाचा विषय ती कडच आहे.

जस्ताच्या पत्र्यावर रेषाचित्राचा ब्लॉक करण्याची रीत थोडक्यात अशी. घासून लख्ख केलेल्या पत्र्यावर अंड्याचा पांढरा बलक आणि बायक्रोमेट यांचे मिश्रण पसरायचे. ते वाळले की त्यावर काचेची निगेटिव्ह ठेवून कार्बन आर्कच्या प्रखर दिव्याखाली धरायचे. जिथे उजेड पडला तिथला बलक कडक होतो आणि पाण्यात विरघळत नाही. बाकीचा कापसाच्या बोळ्याने धुऊन निघतो. त्याआधी पत्र्यावर शाईचा रूळ फिरवलेला असतो, म्हणून चित्राच्या रेषा शाईने झाकलेल्या राहतात. शाईवर राळेची पूड टाकून पत्रा तापवला की राळ वितळून रेषेवर घट्ट बसते. मग पत्रा पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडच्या तबकात टाकायचा आणि तबक हलवत राहायचे. झाकलेले राहते, उघडे खाल्ले जाते. तांब्यावरच्या बारीक जाळीच्या कामाला ॲसिडऐवजी फेरिक क्लोराइड वापरत, आणि बलकाऐवजी माशाच्या कातडीपासून केलेला सरस. फोटोतल्या चेहऱ्याचे बारीक ठिपके माशाच्या सरसाने राखले जात, हे आमच्या किनाऱ्यावर कोणाला सांगितले तर पहिल्यांदा हसतात.

इथवर सगळे सोपे वाटते. अडचण पुढे आहे. ॲसिडला खाली आणि बाजूला यांतला फरक कळत नाही. ते जितके खोल जाते, जवळजवळ तितकेच आडवेही जाते. रेषेच्या माथ्यावर राळ आहे, पण जरा खोली आली की रेषेची बाजू उघडी पडते. ॲसिड त्या बाजूने आत शिरते, रेषेला खालून पोखरते, आणि शेवटी छत तेवढे उरून भिंत नाहीशी होते. असा ब्लॉक यंत्रावर चढवला की पहिल्या शंभर प्रतींत रेषा मोडून पडतात.

यावर ब्लॉकमेकरांनी काढलेला उपाय मला आजही थक्क करतो. पत्रा एकदा थोडासाच खाऊ द्यायचा. मग बाहेर काढून, धुऊन, वाळवून त्यावर ‘ड्रॅगन्स ब्लड’ नावाच्या तांबड्या राळेची पूड मऊ कुंचल्याने एकाच दिशेने झाडायची, म्हणजे ती रेषांच्या एका बाजूच्या भिंतीला चिकटते. पत्रा तापवून ती पूड बसवायची. मग पत्रा फिरवून दुसऱ्या दिशेने, मग तिसऱ्या, मग चौथ्या. चारही भिंती लिंपल्या की पुन्हा ॲसिड. पुन्हा थोडे खाल्ले की पुन्हा चार बाजूंनी पूड. असे तीन-चार वेळा. नवा माणूस एखादी दिशा विसरला तर त्या ब्लॉकमधल्या सगळ्या रेषा एकाच बाजूने पोखरल्या जात. माझ्याकडच्या एका ब्लॉकमधल्या गणपतीची सोंड भिंगाखाली पाहिली, तर डाव्या अंगाला गुळगुळीत पायऱ्या दिसतात आणि उजव्या अंगाला खड्डा. कोणीतरी चौथी दिशा विसरला होता.

ही झाली चित्रातल्या रेषांची कड. खुद्द पत्र्याची कड वेगळी. पत्र्याची पाठ आणि चारही काठ लाखेच्या किंवा डांबराच्या वार्निशने रंगवल्याशिवाय तो तबकात टाकत नसत. पाठ उघडी राहिली तर पत्रा पाठीमागून पातळ होई, ॲसिड फुकट जाई आणि धातू विरघळताना सुटणाऱ्या उष्णतेने तबक तापून काम हाताबाहेर जाई. काठ उघडा राहिला तर तो करवतीसारखा दातेरी होई आणि पुढे लाकडावर ठोकताना तिथूनच फाटे. या कामासाठी वेगळा माणूस नसे. पोरगा ठेवलेला असे, आणि त्याचे शिक्षण काठ रंगवण्यापासून सुरू होई.

ही विद्या युरोपातून आली, आणि तिथेही तिची सुरुवात चित्रकलेतून झाली नव्हती. आग्सबुर्गचा डॅनियल होप्फर चिलखतांवर आम्लाने नक्षी काढत असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तीच युक्ती त्याने लोखंडी पत्र्यावर वापरली आणि त्यावरून कागदावर ठसे काढले. मेण, राळ, डांबर यांनी धातू झाकायचा आणि उरलेला आम्लाला द्यायचा, हे तत्त्व तेव्हापासूनचे. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्सला आढळले, की एका जातीचे डांबर उजेडात कडक होते. आपण त्याला छायाचित्रणाचा जनक म्हणतो. त्याला स्वतःला मात्र छापण्याचा पत्रा हवा होता. पुढे १८५२ साली टॅलबटने बायक्रोमेट आणि जिलेटिन यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले, आणि १८८२ साली म्युनिकच्या माइझेनबाखने जाळीतून फोटोचे ठिपके करण्याच्या पद्धतीचे. आपल्याकडे या सगळ्याचे गाठोडे काही वर्षांतच उतरले.

ते कुठे उतरले, हे पाहायला रायगडच्या किनाऱ्यावरून घाट चढून जावे लागते. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथले काम दगडावरच्या छपाईचे, म्हणजे लिथोचे. पण त्या दगडालाही डिंक आणि नायट्रिक ॲसिड यांचे पाणी द्यावे लागे. आणि दगडाच्या कडा कानशीने गोल करून डिंकाने भरल्या नाहीत, तर कडेला शाई धरून प्रत्येक चित्राला काळी चौकट उमटे. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या प्रसिद्ध चित्रांमागे कडेची ही निगा आहे.

याच लोणावळ्यात धुंडिराज गोविंद फाळके आले. चित्रपटाच्या इतिहासात फाळक्यांचे आधीचे आयुष्य दोन परिच्छेदांत उरकतात. माझ्या मते तो अन्याय आहे. बडोद्याच्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी फोटोग्राफीबरोबर हाफटोन ब्लॉक आणि फोटोलिथो शिकून घेतले होते. पुराणवस्तू खात्यातली नोकरी वंगभंगाच्या वातावरणात सोडल्यावर त्यांनी लोणावळ्याला काढला, तो ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ हा कारखाना. रविवर्मा छापखान्यासाठी ते फोटोलिथोचे काम करत. पुढे कारखाना दादरला गेला, आणि १९०९ साली, म्हणजे ‘मनोरंजन’च्या त्या दिवाळी अंकाच्याच वर्षी, फाळके तिरंगी छपाईची यंत्रे आणि तंत्र पाहायला जर्मनीला गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याची फिल्म धुणारा माणूस आधी बरीच वर्षे पत्रे धूत होता. उजेड, पाणी, बायक्रोमेट, वेळेचा अंदाज, अंधाऱ्या खोलीतली शिस्त हे सगळे त्यांच्या हातात ब्लॉकांनी घातले होते.

मुंबईत पुढे प्रोसेस स्टुडिओ वाढले. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले, तोवर तिरंगी मुखपृष्ठ हा दिवाळीचा भाग झाला होता. एका तिरंगी चित्राला तीन ब्लॉक, काळा धरला तर चार. चारही ब्लॉकांच्या कडा एकमेकींशी केसभरही चुकता कामा नयेत. कुलाबा जिल्ह्यातून (रायगड हे नाव १९८१ नंतरचे) कितीतरी मुले गिरणीत गेली, गोदीत गेली, तशी काही या स्टुडिओंतही गेली. गिरणी कामगारांवर कादंबऱ्या आल्या, नाटके आली. ब्लॉकमेकरावर मला काही सापडलेले नाही.

त्यांच्या शरीरांचीही नोंद नाही. नायट्रिक ॲसिड जस्ताला खाते तेव्हा तांबूस तपकिरी धूर निघतो. तो त्या क्षणी फार त्रास देत नाही. फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात. माणूस काम आटपून, लोकल पकडून घरी येतो आणि रात्री धाप लागते. बायक्रोमेट बोटांच्या बेचक्यांत शिरले की खोल, न भरणारे व्रण होतात, आणि कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध आज सर्वमान्य आहे. पनवेलकडचे एक वृद्ध ब्लॉकमेकर मला भेटले होते. त्यांच्या दोन्ही हातांच्या नखांचा रंग कायमचा पिवळट तपकिरी झाला होता. ‘पत्र्याची कड आम्ही लाखेनं रंगवायचो,’ ते म्हणाले. ‘बोटांना कोण रंगवतंय?’

१९४०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीने पूड न लावता ब्लॉक खाण्याची रीत शोधली. ॲसिडच्या बाथमध्येच एक तेलकट द्रव मिसळायचा. तो रेषांच्या बाजूच्या भिंतींवर आपोआप पापुद्रा धरतो आणि तळ तेवढा उघडा राहतो. चार दिशांची पूड गेली. नंतर ऑफसेट आला, आणि ब्लॉकच गेला. आपल्याकडे १९८०च्या दशकात हे फार झपाट्याने झाले. इथे बहुतेक जण ही गोष्ट संपवतात. मला ती इथे वळण घेताना दिसते.

वळण १९५०च्या दशकातले आहे. फोटोचे सामान विकणाऱ्या कोडॅक कंपनीत लुई मिन्स्क या रसायनतज्ज्ञाने बलक-बायक्रोमेटला पर्याय म्हणून एक कृत्रिम रसायन तयार केले. तेही उजेडाने कडक होई, पण जास्त दिवस टिके आणि आम्लाला जास्त दाद देत नसे. ते ‘केपीआर’ या नावाने विकले जाऊ लागले, आणि मुख्य गिऱ्हाईक छपाईचा पत्रा करणारे. १९५७ साली अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत तोफगोळ्याच्या फ्यूजमध्ये बसेल इतके लहान सर्किट करण्याच्या खटपटीत असलेल्या जे लॅथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी तेच रसायन ट्रान्झिस्टरच्या पृष्ठभागावर वापरले. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘फोटोलिथोग्राफी’ म्हटले. शब्द जगभर रूढ झाला, पण लिथो हे समतल दगडाचे काम. उजेडाने लेप कडक करायचा, उरलेला धुवायचा आणि उघडे पडलेले आम्लाला द्यायचे, ही सरळसरळ ब्लॉकमेकरची रीत. सिलिकॉनच्या चिपचे आजोळ ब्लॉकच्या खोलीत आहे, असे मी म्हणतो ते अभिमानापोटी नाही. वंशावळच तशी आहे.

तर सिलिकॉन. त्याची गोल, आरशासारखी चकती म्हणजे वेफर. (नाव बटाट्याच्या वेफरशी जुळते ते योगायोगाने नव्हे, दोन्ही पातळ, दोन्ही कुरकुरीत आणि दोन्ही चुकून हात लागला की मोडणारे.) प्रयोगशाळांत वापरतात ती १०० मिलिमीटर व्यासाची चकती साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. दाब मोजणारा किंवा हादरा मोजणारा संवेदक करायचा, तर त्या चकतीत मागच्या बाजूने खड्डा खणत जाऊन शेवटी एक पातळ पडदा तेवढा शिल्लक ठेवावा लागतो. हा खड्डा खणतात पोटॅशियम हायड्रॉक्साइडने. ८० अंशांच्या गरम क्षारात सिलिकॉन मिनिटाला साधारण एक मायक्रॉन विरघळते. खणायचे असतात पाचशेच्या आसपास मायक्रॉन. म्हणजे आठ तास.

इथे जस्ताहून एक मोठा फरक आहे आणि तो सुंदर आहे. सिलिकॉन हा स्फटिक आहे, आणि या क्षाराला त्यातल्या दिशा कळतात. एका दिशेच्या अणुपातळ्या तो भराभर खातो, दुसऱ्या दिशेच्या जवळजवळ खातच नाही. म्हणून खड्ड्याच्या भिंती आपोआप ५४.७ अंशांच्या उतरणीने, काचेसारख्या गुळगुळीत उतरत जातात. ब्लॉकमेकर चार दिशांनी पूड झाडून जे मिळवत होता, ते इथे निसर्ग देतो. पण ही कृपा चकतीच्या सपाटीपुरती. चकतीची कड गोल घासलेली असते, म्हणजे तिथे स्फटिकाच्या सगळ्याच दिशा उघड्या असतात, भराभर खाल्ल्या जाणाऱ्याही. क्षार नेमका तिथून घुसतो.

आत घुसायला त्याला वाट लागते. चकतीवर सिलिकॉन नायट्राइडचा लेप दिलेला असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड. क्षार त्याला स्पर्श करत नाही म्हटले तरी चालेल. हा लेप भट्टीत दोन्ही बाजूंना आणि कडेलाही बसतो. पण चकती उचलायची कशी? चिमट्याने, कडेला धरून. ठेवायची कशात? खाचांच्या घोडीत, कडेवर उभी. प्रत्येक वेळी हात लागतो तो कडेलाच. तिथे लेपाला नखाएवढाही ओरखडा लागत नाही, त्याहून कितीतरी सूक्ष्म लागतो, तेवढा पुरतो. आठ तासांत त्या ओरखड्यातून क्षार आत जाऊन कड पोखरतो. चकती बाहेर काढताना काठ पात्यासारखा पातळ आणि दातेरी झालेला असतो, आणि वाळवताना एक तडा काठापासून निघून सरळ मधल्या पडद्यांमधून जातो.

आमच्या तालुक्यातली एक मुलगी अशा एका प्रयोगशाळेत एम.टेक.चे काम करत होती. तिची पहिली चकती सातव्या तासाला तडकली. तिने मला तुकडा दाखवला तेव्हा मी माझा गणपतीचा ब्लॉक काढून शेजारी ठेवला. भिंगातून दोन्ही कडांकडे पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही.

आमच्या खारेपाटात यातले नवे काही नाही. पेण-अलिबागच्या खाडीकाठी भातशेती उभी आहे ती बांधांच्या आधाराने. समुद्राचे पाणी शेताच्या मधून येत नाही. बांधात खेकड्याने केलेल्या बिळाएवढी फट पडली, की भरतीचे पाणी तिथून वाट काढते आणि दोन उधाणांत तिथे खांड पडते. एकदा खारे पाणी आत आले की तीन-चार वर्षे जमीन पिकत नाही. होडीचेही तेच. फळीच्या सपाटीपेक्षा तिच्या टोकाला, जिथे लाकडाचे तंतू उघडे असतात, पाणी आधी मुरते. म्हणून मुशीचे तेल आणि राळ तिथे जास्त पाजतात. लोखंडी बोटींना रंग देणारे आधी नुसत्या कडा कुंचल्याने रंगवतात आणि मग सगळा पत्रा. कारण साधे आहे. ओला रंग धारदार कडेवर टिकत नाही, पृष्ठताणामुळे मागे सरतो, आणि धारेवर सर्वांत पातळ राहतो. मांडव्याच्या किंवा रेवसच्या धक्क्यावरचा कोणताही कठडा पाहा, गंज कडेपासून सुरू झालेला दिसेल. चकतीवर प्रकाशसंवेदी द्रव गरगर फिरवून पसरतात तेव्हाही तेच होते. काठालगत तो मण्यासारखा जाड जमतो आणि प्रत्यक्ष धारेवर विरळ राहतो.

मग वेफरची कड राखतात कशी? एक उपाय, चकतीला टेफ्लॉनच्या दोन कड्यांमध्ये रबरी वेटोळ्यांनी आवळून बसवायचे, म्हणजे एकच बाजू आणि तिचा मधला भागच क्षाराला दिसतो. पण सैल आवळले तर क्षार झिरपतो, घट्ट आवळले तर चकती ताणाखाली तडकते, आणि मागे अडकलेली हवा ८० अंशांना फुगते, म्हणून तिला बाहेर जायला नळी ठेवावी लागते. दुसरा उपाय काळ्या मेणाचा. पेट्रोलियमच्या गाळापासून केलेले हे मेण पाठीला आणि कडेला वितळवून लावतात. गरम क्षारात ते मऊ पडते, म्हणून तिथे भरवशाचे नाही. पण हायड्रोफ्लोरिक, नायट्रिक आणि ॲसिटिक आम्लांच्या थंड मिश्रणात, जिथे प्रकाशसंवेदी लेप तग धरत नाही, तिथे हेच मेण कामाला येते. होप्फरचे डांबर, ब्लॉकमेकरचे डांबर आणि हे मेण, तिन्हींची जात एकच. अलीकडे फिरवून बसवायचे खास पॉलिमरचे लेपही मिळतात. महाग असतात.

आणि चौथा उपाय म्हणजे कड सोडून देणे. काठापासून ठरावीक अंतरात काही बनवायचेच नाही. मोठ्या कारखान्यातल्या ३०० मिलिमीटरच्या चकतीत ३ मिलिमीटर काठ सोडला तर साधारण ४ टक्के क्षेत्र जाते. १०० मिलिमीटरच्या चकतीत ५ मिलिमीटर सोडला तर १९ टक्के. लहान चकतीवर काम करणाऱ्याला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना, कड जास्त महाग पडते.

चिपमधल्या खोल चरांसाठी आता द्रवाऐवजी वायूने खणतात. जर्मनीतल्या बॉश कंपनीत फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रिया शिल्प यांनी १९९०च्या दशकात त्याची रीत बसवली. काही सेकंद खणायचे, मग भिंतींवर संरक्षक पापुद्रा बसवायचा, मग पुन्हा काही सेकंद खणायचे. शेकडो वेळा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या भिंतींवर एकावर एक पायऱ्या दिसतात. ते छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा चार दिशांनी पूड झाडणारा कुंचला दिसल्याशिवाय राहिला नाही.

महाराष्ट्रात या विद्येचे घर पवईच्या आयआयटीत आहे. प्रा. अरुण चांदोरकरांसारख्या अध्यापकांनी तिथे सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिक्सची पिढी घडवली, प्रा. रामगोपाल राव यांच्या गटाने हृदयविकाराचे निदान आणि स्फोटके ओळखणे यांसाठी सूक्ष्म संवेदक केले. २००६ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र उभे राहिले, आणि २००८पासून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांनाही तिथली उपकरणे वापरण्याची सोय झाली. ही दुसरी गोष्ट मला पहिलीहून मोठी वाटते. देशाचा चिपचा पहिला मोठा कारखाना मोहालीत १९८०च्या दशकात सुरू झाला आणि फेब्रुवारी १९८९च्या आगीत होरपळला. यंत्रे पुन्हा घेता येतात. आठ तास बाथजवळ उभे राहून ज्यांना चकतीचा रंग आणि बुडबुडे वाचता येऊ लागले होते, ती माणसे पांगली की पुन्हा गोळा करणे कठीण.

आता हा विषय आमच्या दारात आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने पनवेल तालुक्यात तळोजा येथे इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या सुमारे ८४ हजार कोटी रुपयांच्या चिप प्रकल्पाला मान्यता दिली. पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्यांची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. मधल्या काळात आमच्याकडे जमिनीचे भाव आणि ‘सेमीकंडक्टर कोर्स’चे फलक दोन्ही वाढले. हा कारखाना येईल किंवा दुसरा कोणता येईल. चिपचा कारखाना म्हणजे रसायनांचा आणि पाण्याचा कारखाना, हे त्या फलकांवर नसते. एका मोठ्या चकतीमागे काही हजार लिटर अतिशुद्ध पाणी लागते. हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते आणि त्याच पेण तालुक्यातल्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तळोज्याच्या सांडपाण्याने कासाडी नदीचे काय झाले, ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. नायट्रिक ॲसिड तर तळोज्यातच बनते. ते आमच्या पोरांना परके नाही. हायड्रोफ्लोरिक परके आहे. ते कातडीवर पडल्यावर लगेच भाजल्यासारखे वाटेलच असे नाही. आत हाडांपर्यंत उतरते आणि रक्तातले कॅल्शियम ओढून घेते. त्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी आहे का, हा प्रश्न नोकरीला जाणाऱ्या मुलाने पगाराआधी विचारावा.

त्या मुलीची दुसरी चकती शाबूत निघाली. तिने चिमटा बदलला, घोडीच्या खाचांना टेफ्लॉनची पट्टी लावली, आणि प्रत्येक तासाला काय दिसले ते वहीत लिहून ठेवले: बुडबुडे किती, कोणत्या बाजूने, रंग कसा. प्रयोगशाळेत असे लिहिणे सक्तीचे असते. ब्लॉकमेकरांना ते कोणी सांगितले नव्हते. तरी ॲसिडचे प्रमाण, उन्हाळ्यात तबक किती वेळ, पावसाळ्यात किती वेळ, अशी आकडेमोड काहींनी वहीच्या पाठपानांवर, कॅलेंडरच्या मागे नक्कीच केली असेल. अशी एकही वही मी अजून पाहिलेली नाही. वाचकांपैकी कोणाचे आजोबा, वडील किंवा काका मुंबईच्या प्रोसेस स्टुडिओत होते, आणि माळ्यावरच्या पेटीत पिवळ्या डागांची एखादी वही असेल, तर ती रद्दीत देण्यापूर्वी कृपया या अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी कळवाव्यात. मी स्वतः येऊन तिची नक्कल करून घेईन; वही तुमच्याकडेच राहील.